जुन्या ड्रायव्हरचं काय होतं

दौंड,
६ जानेवारी २००३

सोहेब,

निकाह ठरल्याचं चार ओळींचं पत्र मिळालं. मुबारक. मुलीचं नाव मेहक, माणसं बंगलोरचीच, तारीख अकरा मे. एवढंच कळलं. ती हसरी आहे की गंभीर, तुझी बोलता बोलता गप्प व्हायची खोड तिला माहीत आहे की नाही, यातलं काही नाही. अरे, बहिणीला पत्र लिहितो आहेस की तारऑफिसात तार करतो आहेस?

शेवटची ओळ मात्र नीट लांब लिहिली आहेस. 'अब्बांना मी बोलावणार नाही. दोन वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आधी ते बोलू देत.' मी पत्र घडी करून कपाटात ठेवलं. अब्बांना तारीख सांगितलेली नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. या घरात हल्ली असाच कारभार आहे. अम्मी असती तर दोघांचे कान धरून समोरासमोर बसवलं असतं तिनं. मला तेवढी ताकद नाही.

अब्बांविषयी लिहू नकोस असं तू मागेच बजावलं आहेस, म्हणून लिहीत नाही. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, आणि झोपतात अजून मागच्या पडवीतच. या थंडीत मी म्हटलं, खाट पुन्हा पुढच्या खोलीत टाकते. तर म्हणाले, तिथं तुझा कॉम्प्युटर हाय. त्या खोलीत ते पाऊल टाकत नाहीत. पुढच्या दारानं येतसुद्धा नाहीत, बोळातून वळसा घालून मागून येतात. जन्मभर मेन लाइनला गाडी चालवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात बाजूची लूप लाइनच आवडायला लागली, त्याला मी काय करणार.

आता कामाचं. नवरात्रात वीज पडली ती टेलिफोनच्या तारेतून घरात आली आणि मोडेम जाळून गेली. कॉम्प्युटर वाचला, पण फोनची तार त्याला जोडणारा तुकडाच गेला म्हटल्यावर इंटरनेट बंद. शिरूरला तुझ्या सुदर्शनच्या दुकानातून नवीन मोडेम आणून बसवला. त्याला आपल्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स ओळखतच नाही. तूच शिकवलं होतंस, आत बसवलेल्या प्रत्येक यंत्राला चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो नसला की यंत्र नुसतं लोखंड. तर माझ्याकडे सध्या लोखंड आहे. क्लासच्या मुलींना मी ईमेल फळ्यावर शिकवते. काठावर बसून पोहायला शिकवण्यातला प्रकार.

सुदर्शन म्हणाला, ताई, विंडोज टाकून देतो, लगेच चालंल. पण तू जाताना म्हणाला होतास, 'आपा, चोरीचं सॉफ्टवेअर घरात घेऊ नकोस. हे फुकटचं आहे, पण हलालचं आहे.' ती गोष्ट मी धरून बसले आहे. तेव्हा आता तूच निस्तर. तुझ्या खोलीवर फोन नाही, ऑफिसात घरचे फोन चालत नाहीत, म्हणून पोस्टानं विचारते. काय टाइप करायचं ते ओळीनं लिहून पाठव.

तुझी,
आपा


२२ जानेवारी

सोहेब,

पत्र मिळालं. पत्र कसलं, डॉक्टरची चिठ्ठी. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये नुसत्या आज्ञा. बरं, मीही टायपिंगची मास्तरीण आहे, मला आज्ञा पाळता येतात.

पाकिटावर पत्ता मात्र तूही जुनाच घातलास: 'द्वारा चांदभाई ड्रायव्हर, दौंड.' गल्ली नाही, घर नंबर नाही. आपल्याकडे ते लागतही नाही म्हणा. या भागात रेल्वेचे ड्रायव्हर ढिगानं, पण नुसतं 'ड्रायव्हर' म्हटलं की पोरंसोरं आपल्याच घराकडे बोट दाखवतात. पोस्टमन हल्ली टपाल पडवीतच देतो. मी स्टेशनवरून भाजी घेऊन आले तर पाकीट खाटेवर, अब्बांच्या उशीशेजारी, अक्षर वर करून ठेवलेलं. 'पोस्टमन येऊन गेला,' एवढंच म्हणाले. तुझं अक्षर त्यांना कळत नाही असं समजू नकोस.

तर तुझ्या आज्ञा. नवा ड्रायव्हर आपल्या मशीनवरच घडवावा लागतो, त्याचं सामान तिसऱ्या सीडीवर आहे, असं लिहिलं आहेस. तिसरी सीडी माझ्याकडे नव्हती. ती कुठं गेली असेल याचा तू विचार करू नकोस. दारावरच्या क्लासच्या पाटीच्या दोरीला चकाकणारं काहीतरी हवं होतं आणि मला ती जादा वाटली. चौफुल्याहून न्हावऱ्याची गाडी धरून शिरूर गाठलं. सुदर्शननं सीडीची कॉपी करून दिली, चहा पाजला आणि आणखी एक गोष्ट म्हणाला, ती आत्ता महत्त्वाची नाही.

घरी येऊन बसले. तुला माहीत आहे, बोटांबरोबर तोंड चालल्याशिवाय मला टाइप करता येत नाही. इतकी वर्षं मुलींसमोर 'ए एस डी एफ' ओरडण्याचं हे फळ. तेव्हा 'मेक', स्पेस, 'इन्स्टॉल' असं मोठ्यानं म्हणत म्हणत सगळं घातलं. स्क्रीनवरून ओळी पळायला लागल्या. ज्ञानेश्वरी म्हणून खुटबावची एक मुलगी आहे क्लासला, ती घाबरून म्हणाली, मॅडम, बंद करा, काहीतरी सांडतंय. शेवटी ओळी थांबल्या, चूक नव्हती. नवा ड्रायव्हर घालायची आज्ञा दिली तर उत्तर आलं, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी.' पुन्हा दिली, पुन्हा तेच.

कोण बिझी आहे? इथं तर मी आणि अब्बा दोघंच असतो आणि दोघंही रिकामे.

उत्तर पाठव. आज्ञांच्या खाली थोडी जागा उरली तर मेहकविषयी दोन ओळी लिही. कागदाचे पैसे मी देते.

आपा


८ फेब्रुवारी

सोहेब,

हे पत्र शांतपणे वाच. मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते आहे.

तुझं उत्तर परवा आलं. मी दुपारी पुढच्या खोलीत बसून ते नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं, म्हणजे हातासरशी टाइप करता येईल. तू लिहिलं होतंस, 'जळालेल्या मोडेमचा जुना ड्रायव्हर अजून जागा अडवून बसला आहे. त्याचा आता काही उपयोग नाही, पण जुना ड्रायव्हर काढल्याशिवाय नवीन काही चालणार नाही. आधी त्याला काढ.'

अब्बा आत जेवत होते. भांडं वाजलं म्हणून मी पाहिलं तर ताटात अर्धी भाकरी तशीच आणि माणूस बोळातून बाहेर. अब्बा अन्न टाकून उठत नाहीत. तापातही उठत नाहीत. मला वाटलं पोट बिघडलं असेल. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, नमाज पढले, माझ्याकडे न बघता खाटेवर आडवे झाले. मी विचारलं तर म्हणाले, काय न्हाई.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या सिंधूबाईकडे शेवंती घ्यायला थांबले. त्या खुटबावहून फुलं-भाजी घेऊन येतात, आणि अब्बांची येता-जाता त्यांच्यापाशी बैठक असते. फुलं पुडीत बांधता बांधता त्यांनी मला खाली बसवलं.

'पोरी, बापाला काय बोल्लीस गं?'

मी म्हटलं, मी कुठं काय बोलले.

'मला म्हनलं, सिंधूबाई, आता पोरगीबी तेच म्हनाया लागली. जुना डायवर काढल्याबिगर नवीन काय चालायचं न्हाई. डोळं भरल्यालं व्हतं.'

मला आधी हसूच आलं. आणि मग 'पोरगीबी' या शब्दाशी मी अडखळले. मीसुद्धा म्हणजे? माझ्याआधी कोण म्हणालं होतं?

सोहेब, आठवून बघ. अब्बा रिटायर होऊन दोन-तीन महिने झाले होते. पुढच्या खोलीत त्यांची खाट होती आणि शेजारी तू नुकताच कॉम्प्युटर मांडला होतास. आवाजाच्या कार्डावरून तुझी सुदर्शनशी फोनवर चर्चा चालायची, तुझा आवाज चौकापर्यंत जायचा. एक दिवस तू त्याला म्हणालास, मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे, 'जुना ड्रायव्हर आधी घालवला पाहिजे. नुसता जागा अडवून बसलाय. तो असेपर्यंत इथं नवीन काही सुरू व्हायचं नाही.' अब्बा तेव्हा बाजारातून आले होते. पिशवी दारात ठेवून पुन्हा बाहेर गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खाट उचलून पडवीत नेली. आपण दोघं किती खूश झालो होतो. तू म्हणालास, बघ आपा, न सांगता जागा करून दिली.

त्यानंतर ते तुझ्याशी बोललेले मला आठवत नाहीत. तू समजलास, रेल्वेची परीक्षा दिली नाहीस म्हणून राग आहे. मीही तेच समजले. दोन वर्षं आपण सगळे चुकीच्या कारणासाठी भांडत होतो. म्हणजे भांडतसुद्धा नव्हतो. भांडलो असतो तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

मला फार वाईट वाटतं आहे. माणूस आपल्याच घरात स्वतःला कामावरून काढलेला समजून बोळातून येतो-जातो आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो.

मोडेमचं काम थांबवलं आहे. आधी हे.

आपा


१६ फेब्रुवारी

सोहेब,

बकरी ईदला तुझं कार्ड आलं. ते अब्बांना दाखवलं, त्यांनी हातात घेतलं, परत दिलं.

त्या दुपारी, पाहुणे गेल्यावर, मी पडवीत त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. की कॉम्प्युटरच्या आत छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात, सोहेब त्यांच्याविषयी बोलत होता, मीही परवा त्याचंच पत्र वाचत होते. ते ऐकून घेत होते. मधे एकदा टोपी काढली, पुन्हा घातली. मी थांबल्यावर म्हणाले, 'आयेशा, तू चांगली हायेस. पन माझ्यासाठी गोष्ट रचू नको. डायवर मानूस असतो. मशीनला कुठनं आला डायवर?'

त्यांच्या गावची, मांडवगणची बोली त्यांच्या तोंडातून गेली नाही आणि मांडवगणचा हट्टही गेला नाही.

मी चिडले. तुला माहीत आहे मी चिडल्यावर कशी बोलते. म्हटलं, उठा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि खोटं निघालं तर मी क्लास बंद करते. ते उठले. आतल्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर थांबले. मग हळूच, परक्याच्या घरात यावं तसे आत आले. आपल्याच खोलीत इकडेतिकडे बघत होते. त्यांच्या खाटेच्या जागी मुलींचे स्टूल आहेत, त्यातल्या एकावर बसले.

मी 'एल एस मॉड' म्हणत टाइप केलं आणि यादी आली. अब्बांचं इंग्रजी रेल्वेचं, अक्षर अक्षर जोडत वाचणारं. मी एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेले, हा आवाजाचा ड्रायव्हर, हा माउसचा, हा पडद्याचा, आणि हा जळालेल्या मोडेमचा जुना. त्यांनी सगळी यादी वरून खाली पाहिली.

'एवढे डायवर?'

'हो.'

'आन् गार्ड?'

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते. गार्ड नसतो म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही. बिगर गार्डची गाडी कशी सोडतात, असं स्वतःशीच पुटपुटले. मी बघत होते, त्यांच्या डोक्यात ती दोन वर्षांपूर्वीची दुपार पुन्हा उलगडून बघणं चाललं होतं. शेवटी म्हणाले, 'म्हंजी त्यानं मला न्हाई म्हनलं.' मी म्हटलं, नाही अब्बा. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

इथं थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आता यांच्यासमोरच काम करून टाकावं. तू लिहिलं होतंस तसं आधी फोन लावणारा प्रोग्रॅम बंद केला, तोच जुन्या ड्रायव्हरला धरून बसला होता. पुन्हा यादी मागवली. आता जुन्याच्या नावापुढे कंसात एक शब्द आला होता. अब्बांनी तो जुळवला. 'अन... यूज्ड. म्हंजी?'

मी म्हटलं, म्हणजे रिकामा. आता त्याच्याकडे काही काम नाही, आता तो निघेल. आणि 'आर एम मॉड' म्हणत त्याचं नाव टाइप केलं. एंटरवर बोट ठेवणार, तेवढ्यात अब्बांनी माझ्या मनगटाला हात लावला.

'थांब. काढल्यावर त्याचं काय व्हतं?'

सोहेब, मला उत्तर माहीत नव्हतं. त्यांना बरं वाटेल असं काहीही सांगता आलं असतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की खोटं बोलवेना. म्हटलं, मला माहीत नाही, सोहेबला विचारते. म्हणाले, 'इचार. तवर ऱ्हाऊ दे त्याला.'

मी एंटर दाबला नाही. आज्ञा पुसून टाकली आणि कॉम्प्युटर बंद केला.

तुला काय लिहायचं ते मी एरवी सांगत असते, या वेळी सांगत नाही. त्यांनी विचारलं आहे, उत्तर तू द्यायचं आहेस. मात्र खरं असेल तेच लिही. गोड करून लिहिलंस तर त्यांना कळेल, आणि मग मी काहीच करू शकणार नाही.

आपा


७ मार्च

माझ्या सोहेब,

तुझं तीन पानी पत्र आलं. वर 'प्रिय आपा' वाचलं आणि मी तिथंच पायरीवर बसले.

अब्बांना ते पुढच्या खोलीत वाचून दाखवलं, मी न बोलावता तेच आत आले आणि आपल्या स्टुलावर बसले. परीक्षेचं तू जे लिहिलंस, की तुझ्या मते राग त्याचा होता आणि त्यामुळे तू कधी तोंड उघडून विचारलं नाहीस, ते ऐकताना मान हलवत होते. मग स्टेशनचं आलं. 'मी बंगलोरला निघालो तेव्हा गाडी सुटेपर्यंत पुलाच्या जिन्याकडे बघत होतो. घरापासून स्टेशन पाच मिनिटांवर आणि अब्बा रेल्वेचे. तरी आले नाहीत.' तू हे कधी सांगितलं नव्हतंस.

मी पुढे वाचणार तर अब्बा बोलले. 'आलो व्हतो.' मी म्हटलं, कुठं? 'यार्डात. लायनीच्या पल्याड हुबा व्हतो. गाडी सुटताना बघितली. दारात बसला व्हता, निळा शर्ट.'

तू निळा शर्ट घातला होतास, सोहेब. तो मीच इस्त्री केला होता.

मग त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आलं. ते मी जसंच्या तसं वाचलं, आणि त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, म्हणून माझं पाठ झालं आहे. 'अब्बांना सांग, जुना ड्रायव्हर काढला म्हणजे पुसला जात नाही. तो त्या क्षणी चालू असलेल्या कामातून बाजूला होतो, एवढंच. डिस्कवर तो जसाच्या तसा असतो, एक अक्षरही कमी होत नाही. पुन्हा त्याची गरज लागली की नावानं एक हाक मारायची, तो परत येतो. हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, हे असंच असतं, सुदर्शनला विचारा. आणि निकाह अकरा मेला आहे, हेही त्यांना सांग.'

अब्बांनी विचारलं, अकरा मेला वार कोणता. मी म्हटलं, रविवार. म्हणाले, हं. मग कॉम्प्युटरकडे बोट केलं. 'दाब.'

मी कॉम्प्युटर लावला, फोनचा प्रोग्रॅम बंद करून आज्ञा पुन्हा टाइप केली आणि एंटर दाबला. काहीच झालं नाही. एक शब्द उमटला नाही, नुसता कर्सर खालच्या ओळीवर आला. लिनक्सचं हेच आहे, बिघडलं की पानभर बोलतं आणि सगळं नीट झालं की गप्प. या घरात मला त्याची सवय आहे. नवा ड्रायव्हर घातला, पुन्हा शांतता. फोन लावला, आणि मोडेम केकाटायला लागला. अब्बा दचकून उभे राहिले, मग हसले. गाडीच्या ब्रेकचा व्हॅक्यूम सुटला, म्हणाले. त्यांना हसताना मी किती दिवसांनी पाहिलं.

पाच मिनिटांनी तुला मेल गेला आणि तुझं उत्तरही आलं. 'अब्बा जवळ आहेत का?' एवढं एकच वाक्य. ते त्यांनी स्वतः जुळवून वाचलं.

आता एक सांगते, रागावू नकोस. मागे लिहिलं होतं, सुदर्शन आणखी एक गोष्ट म्हणाला ती महत्त्वाची नाही. तो म्हणाला होता, 'ताई, बाहेरून जोडायचा मोडेम घेऊन जावा. त्याला असला काय डायवर लागत न्हाई, लिनक्सवर लगीच चालतो. हा परत द्या.' मोडेम त्यानं पिशवीतसुद्धा घातला होता. मी काढून ठेवला. स्टेशनजवळच्या कॅफेतून मला तुला केव्हाही मेल करता आला असता, तोही केला नाही. मेल केला असता तर दोन ओळी आल्या असत्या आणि विषय संपला असता. हा मोडेम अडून बसला होता तोवर तुला माझ्या पत्राला उत्तर देणं भाग होतं. आज्ञा का होईना, तुझ्या हाताच्या होत्या. मला तुझी फार आठवण येत होती, एवढंच त्यातलं खरं कारण.

खाट अजून पडवीतच आहे. म्हणतात, इथं वारा चांगला येतो. पण आता पुढच्या दारानं येतात.

आपा


६ मे

प्रिय सोहेब,

मोडेम चालू असताना कागदावर लिहिते आहे, कारण हे पोस्टानंही जाणार नाही आणि मेलनंही नाही. आपल्याकडे सोलापूर-वाडीकडं काही पोचवायचं असलं की लोक म्हणायचे, चांदभाई ड्रायव्हरच्या हाती द्या, वाटेत सांडायचं नाही. लहानपणी आत्याकडे जाणारे बेसनाचे लाडू तसेच जायचे. तर हे पत्र आणि लाडू, दोन्ही ड्रायव्हरच्या हाती देते आहे.

झालं असं की परवा मी संध्याकाळी मुलींना शिकवत होते आणि अब्बा आत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, 'बंगलोरचा पास काढलाय. पाच दिस आधी गेल्यालं बरं, पोराला एकट्याला काय काय बगावं लागत आसंल.' मी काही विचारलं नव्हतं. मुली हसायला लागल्या, कारण मॅडमचं बोट 'एस'वर तसंच राहिलं होतं आणि स्क्रीनभर 'एस'च 'एस' झाले होते. क्लासची व्यवस्था लावून मी शुक्रवारी निघते. मेहकला माझ्याकडून सांग, सासऱ्यांशी बोलायला घाबरायचं नाही. ते गप्प असले की समज, सगळं नीट चाललं आहे. आणि काही बिनसल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथं विचारून टाक, आपल्यासारखं दोन वर्षं थांबू नका.

पांढरा शर्ट नवा शिवला आहे. डब्यात गुडघ्याचं तेल आहे, ते आठवणीनं लावायला लाव. रेल्वेतलं खाणार नाहीत म्हणून भाकरी बांधून दिली आहे. गाडीत झोपत नाहीत. प्रत्येक सिग्नल बघतात आणि गाडी लेट झाली तर चालवणाऱ्याला नावं ठेवतात, तेव्हा पोचल्यावर आधी झोपू दे.

लिहिताना ते शेजारीच बसले आहेत. काय लिहिलंस म्हणाले, म्हणून आत्ता वाचून दाखवलं. म्हणाले, 'येवढं कशापायी? जुना डायवर निघालाय, येवढंच लिव्ह. त्यानं हाक मारली, आपुन आलो.' आणि थोड्या वेळानं, चप्पल घालता घालता, 'आन् त्याला म्हनावं, स्टेशनावर यायची गरज न्हाई. मला स्टेशन काय नवं हाय का.'

सोहेब, तू ये. गाडी यायच्या आधी जाऊन थांब. खिडक्यांत शोधू नकोस, ते दारात उभे असतील, सिग्नल बघत.

आपा